ठेका आणि ठोका

पाश्चात्त्य ‘रॉक’ संगीतातील ड्रमवादकांविषयी ह्या पृष्ठांवर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे काही वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर आम्ही ते थट्टेवारी नेले असते. ज्या वाचकांचा कान देवळाच्या चौकातील पखवाजावर, नवरात्रीत मखर झुलू लागले की उठणाऱ्या वाजपावर आणि चतुर्थीच्या घुमटावर घडलेला आहे, त्यांच्यापुढे इंग्लंड-अमेरिकेतील दांडगट गलबल्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. आम्हांसही तो पडला होता. आणि तो ज्या रीतीने सुटला ती रीत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमचा एक पुतण्या चतुर्थीला घुमट वाजवतो आणि उरलेले वर्ष मडगावच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. गेल्या पावसाळ्यात तो आमच्याकडे चार दिवस राहावयास आला असता त्याने जगातील थोर रॉक ड्रमवादकांची एक यादीच आमच्यापुढे मांडली व एकेकाचे वादन ऐकवण्यास आरंभ केला. त्याची कसोटी सरळ होती: हात किती वेगाने चालतो, एकट्याने किती वेळ वाजवतो, किती नग समोर मांडून बसतो. पहिल्या दिवशी आम्ही पुष्कळ पराक्रम ऐकला. रात्री कान भणभणत होते, पण मनात काही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने, जवळजवळ उपेक्षेनेच, ‘बीटल्स’ ह्या मेळाचे ‘रेन’ नावाचे एक गाणे लावले, आणि आम्ही आरामखुर्चीत सरळ होऊन बसलो. ‘हे पुन्हा लाव’, असे म्हटल्यावर तो हसला. “काका, हा तर यादीत खाली आहे,” असे म्हणाला. हा लेख त्या हसण्याचे उत्तर आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडे. ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हे. अनेक वाद्यांचे एका माणसाच्या अंगावर येऊन पडलेले ओझे होय. लष्करी वाद्यवृंदात मोठा ढोल एकाकडे, छोटा ढोल दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे असत. अमेरिकेतील नाटकगृहांत व नाचगृहांत जागा कमी आणि पैसा त्याहून कमी, म्हणून एकाच माणसाने हे सारे सांभाळावे अशी निकड निर्माण झाली. मोठा ढोल पायाने वाजवण्याचे यंत्र पुढे आले. लुडविग ह्या कारागिराने १९०९ साली त्याचा केलेला सुटसुटीत नमुना विशेष रूढ झाला. पुढे डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, आली. आज उजवा पाय बास ड्रमवर, डावा पाय हाय-हॅटवर, उजवा हात झांजेवर आणि डावा हात खाली तारा ताणलेल्या स्नेअर ड्रमवर, अशी वाटणी असते. एका देहाने चार कामे करणे आपणांस अगदीच अपरिचित नाही. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरून दाखवीत, ही ख्याती गोव्यातील जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. परंतु खाप्रूमामांच्या ठायी जी गणिताची सिद्धी होती, ती रॉक ड्रमवादकाकडून कोणी मागत नाही. त्याच्याकडून जे मागितले जाते ते दिसावयास फार सोपे असते.

ते असे. चार मात्रांचे आवर्तन धरावे. पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पायाचा ढोल, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअरचा कडक आघात. आपल्याकडे मान समेचा. तेथे पहिली मात्रा पायाखाली जाते आणि चटका बसतो तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेला. फॅट्स डॉमिनो ह्या गायकाचे ‘द फॅट मॅन’ हे गाणे १९४९ साली न्यू ऑर्लिन्स येथे मुद्रित झाले, त्यात अर्ल पामर ह्या वादकाने हा उलटा आघात गाण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत लावून धरला, आणि तेथून तो साऱ्या रॉक संगीताचा कणा बनला. वाचकांनी कोणत्याही भजनाच्या लयीत टाळी एकावर न देता दोनवर देऊन पाहावी. प्रथम अडखळावयास होईल. मग अंग आपोआप डुलू लागेल.

एवढेच जर काम असेल, तर त्यात थोरवी कशाची? तीन मिनिटे तोच ठेका. तबल्याप्रमाणे बोलांची समृद्धी नाही, कायदे-रेले नाहीत, तिहाई नाही. आमचे मत असे झाले आहे की, येथे थोरवी बोलांत नसून बोलांच्या जागेत असते. आघात मात्रेच्या नेमक्या मध्यावर पडतो की केसभर आधी की केसभर नंतर. त्याला वजन किती. त्याचा नाद आखूड की लांब. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे आघात करता आला असता तेथे तो केला की नाही. आमच्या लहानपणी फोंडे महालातील आमच्या देवळात सोमवारच्या भजनाला एक वृद्ध पखवाजी येत. आम्ही हौसेने तबल्यावर हात चालवू लागलो की ते मान न वळवता म्हणत, “चड वाजय नाका रे, देवाक आयकूंक येता.” त्या वाक्याचा अर्थ आम्हांस रिंगो स्टार ऐकताना अधिक कळला, ह्याचे कोणास हसू येईल तर येवो.

रिंगो स्टार, म्हणजे रिचर्ड स्टार्की, ७ जुलै १९४० रोजी लिव्हरपूल येथे एका गरीब घरात जन्मला. सहाव्या वर्षी पोटाच्या विकाराने तो मरता मरता वाचला. तेराव्या वर्षी क्षयाने त्याला रुग्णालयात टाकले, तेथे तो सुमारे दोन वर्षे होता. मुलांचा वेळ जावा म्हणून त्या रुग्णालयात वाद्ये वाटीत, आणि त्याच्या हाती ढोल आला. ढोल नसेल तेव्हा तो खाटेशेजारचे कपाट वाजवी. (१९६८ साली हे चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले तेव्हा रिंगो सुमारे दहा दिवसांतच परतला, बालपणीच्या दुखण्याने नाजूक झालेल्या पोटासाठी त्याने शिजवलेल्या घेवड्याचे डबे बरोबर आणले होते. आश्रमाच्या तिखटाविषयी आम्ही काही बोलत नाही.)

त्याच्याविषयी एक कुत्सित उद्गार जगभर फिरतो, की तो जगातलाच काय, बीटल्समधलाही उत्तम ड्रमवादक नव्हता. हा उद्गार जॉन लेननच्या तोंडी घातला जातो. लेनन असे म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. लेनन १९८० साली मारला गेल्यानंतरच्या काळातील ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांत हे वाक्य प्रथम आढळते. पण त्या विनोदाला बळ मिळाले ते एका खऱ्या घटनेमुळे. रिंगो ऑगस्ट १९६२ मध्ये ह्या मेळात आला, आणि पुढच्याच महिन्यात ‘लव्ह मी डू’ ह्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माता जॉर्ज मार्टिन ह्याने ११ सप्टेंबर रोजी अँडी व्हाइट नावाच्या व्यावसायिक वादकाला बोलावून ड्रमवर बसवले व रिंगोच्या हाती खंजिरी दिली. नव्याने पदरी आलेल्या वादकाला ह्याहून मोठा अपमान कोणता? रिंगोने तो गिळला, मनात मात्र वर्षानुवर्षे ठेवला. ते गाणे दोन्ही वादकांच्या हातचे उपलब्ध आहे. व्हाइटचे वादन निर्दोष आहे, आणि ते तेवढेच आहे.

आता ‘रेन’ कडे वळू. १९६६ सालच्या एका छोट्या तबकडीची ही दुसरी बाजू. चौघांनी गाण्याचा पाया जलद लयीत वाजवला आणि मुद्रित फीत नंतर मंद करून वापरली. त्यामुळे ढोलांचा आवाज जड, ओला, काहीसा झोपेतला झाला आहे. ह्या मंद पसाऱ्यावर रिंगो मधूनमधून जे भरीचे तुकडे टाकतो ते कोठून सुरू होतील ह्याचा अंदाज शंभरदा ऐकूनही येत नाही. ह्याचे एक कारण शारीरिक आहे. तो जन्मतः डावखुरा. पण ड्रमसेट मांडतो उजव्या हाताच्या माणसासारखा. उजव्या हाताचा वादक वरच्या ढोलापासून खालच्या ढोलापर्यंत सहज घरंगळत जातो. रिंगोचा डावा हात प्रथम उठू पाहतो, त्यामुळे त्याच्या तुकड्यात हाताच्या अदलाबदलीचा एक सूक्ष्म विलंब शिरतो. पायरीवर पाय ठेवावा आणि पायरी किंचित पुढे सरकलेली असावी, तसे ऐकणाऱ्यास होते. आपले अपंगत्व त्याने शैली करून टाकले. स्वतः रिंगोनेही ‘रेन’ मधील वादन आपले सर्वोत्तम मानले आहे.

परंतु केवळ ‘रेन’ वर आम्ही त्याला पहिला मान देत नाही. १९६७ सालच्या ‘अ डे इन द लाइफ’ मध्ये लेनन वृत्तपत्रातील एका अपघाताची बातमी थंडपणे गातो. तेथे ठेका धरणे कोणासही सुचले असते. रिंगो ठेका जवळजवळ सोडूनच देतो. ओळ संपल्यावर गायकाच्या शब्दांनी ऐकणाऱ्यास जे वाटले असेल ते खोल सुरात लावलेल्या ढोलांवर उच्चारतो, आणि पुन्हा मागे सरतो. उत्तम कीर्तनकाराचा साथीदार निरूपणात नेमका कोठे थाप देतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही. १९६९ सालच्या ‘कम टुगेदर’ मध्ये त्याने ढोलांवर चहाचे पंचे पसरून त्यांचा नाद आखडून घेतला, आणि हाय-हॅटपासून खालच्या ढोलापर्यंत उतरत जाणारा एक तुकडा असा बसवला की तो काढून घेतल्यास गाण्याचा चेहराच नाहीसा होईल. एकट्याने वाजवण्याची त्याला मनापासून नावड. साऱ्या कारकिर्दीत बीटल्सच्या तबकड्यांवर त्याचे स्वतंत्र वादन एकदाच आहे, ‘दि एंड’ मध्ये, तेही काही सेकंदांचे आणि बऱ्याच आग्रहानंतरचे.

दुसरा मान आम्ही चार्ली वॉट्सला देतो. हा ‘रोलिंग स्टोन्स’ चा वादक; १९४१ साली लंडनमध्ये जन्मला, जानेवारी १९६३ मध्ये मेळात आला आणि २४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तला तोपर्यंत त्याच जागी बसला होता. व्यवसायाने तो जाहिरातींचा चित्रकार, आवडीने जॅझचा भक्त. पोरवयात त्याने एक बँजो घेतला; बोटे कोठे ठेवावी हे जमेना, म्हणून त्याची मान काढून टाकून उरलेल्या चामड्याच्या चकतीवर कुंचल्यांनी वाजवू लागला. जगातील सर्वांत उच्छृंखल म्हणून गाजलेल्या मेळात हा माणूस शिवून घेतलेल्या उत्तम सुटात, लहानशा ड्रमसेटमागे, कचेरीत हिशेब लिहावा तसा बसत असे.

त्याची एक लकब डोळ्यांनीच पाहावी. बहुतेक वादक उजव्या हाताने हाय-हॅट अखंड वाजवीत असतात आणि डाव्याने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर. वॉट्स स्नेअरवर आघात करताना उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेई. म्हणजे ज्या क्षणी दोन आवाज एकदम येत, त्या क्षणी तो एकच ठेवी. परिणाम असा की स्नेअर एकटा, मोकळ्या जागेत पडे. आणि त्याआधी एक इवलासा श्वास ऐकू येई. दुसरी गोष्ट मेळाच्या घडणीची. सामान्यतः सारे वादक ड्रमच्या मागे जातात. स्टोन्समध्ये कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे जाई आणि वॉट्स तिच्या मागोमाग, केसभर उशिरा येई. ह्या केसभर अंतरात त्या मेळाची सारी ऐट आहे. १९६९ सालचे ‘हाँकी टाँक विमेन’ आरंभी ऐकावे आणि लगेच शेवट ऐकावा. लय उघडच चढलेली आहे. शाळामास्तर ह्याला दोष म्हणेल. पण भजन रंगात आले की टाळकऱ्यांची लय चढते तो दोष असतो काय? वॉट्सची लय चढते, पण ती ढकलल्यासारखी कधीच वाटत नाही.

वॉट्सचे आणखी एक लक्षण आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वाँट’ ह्या गाण्याचा ठेका मुद्रणाच्या वेळी त्याच्या हाती नीट बसेना. निर्माता जिमी मिलर ड्रमवर बसला, त्याला तो साधला, आणि तबकडीवर मिलरचेच वादन राहिले. १९६२ साली रिंगोच्या हाती खंजिरी आली तीच ही घटना, पण येथे कोणाच्या मानाला धक्का लागला नाही. स्वतःच्या मेळाच्या एका गाजलेल्या गाण्यात आपण नाही, ह्याविषयी वॉट्सने पुढे कधी आडपडदा ठेवला नाही.

येथवर वाचलेला वाचक म्हणेल, की ह्यांना केवळ मवाळ वादकच रुचतात, बळाचे काय? बळाचा वादक आम्ही एकच मानतो: ‘लेड झेपेलिन’ चा जॉन बोनम. १९४८ साली रेडिच ह्या इंग्लिश गावी जन्मलेला हा गवंडीकामातला मुलगा वडिलांच्या हाताखाली विटा वाहत असे, आणि वादन कोणाकडे रीतसर शिकला नव्हता. ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ (१९६९) ह्या पहिल्याच तबकडीच्या पहिल्याच गाण्यात त्याने एका पायाने, एकाच खटक्यावर, बास ड्रमचे जे झटपट तिश्र तुकडे टाकले ते ऐकून पुष्कळांना वाटले की दोन पाय व दोन ढोल आहेत. येथे आमचा पुतण्या विजयाने आमच्याकडे पाहत होता. कारण ही वेगाची गोष्ट झाली. पण आम्हांस बोनम आवडतो तो ह्यासाठी नव्हे.

घुमट कसा वाजतो हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडे, लहान तोंड मोकळे. उजवा हात चामड्यावर, डावा हात त्या मोकळ्या तोंडाशी उघडझाप करतो. वाजते ते चामडे, पण बोलते ती मडक्यातली हवा. (पूर्वी ते चामडे घोरपडीचे असे, वन्यजीव कायद्याने ते गेले आणि बकऱ्याचे आले. नाद बदलला म्हणून जुने लोक हळहळतात. ड्रमवरील वासराचे कातडे १९५७ च्या सुमारास जाऊन प्लॅस्टिक आले, तेव्हा तेथेही असेच हळहळणारे होते.) बोनमला ही हवेची गोष्ट उपजत कळली होती. तो अवाढव्य ढोल घेई, त्यांची कातडी ताणून सुरात लावी आणि आत कापडे कोंबून नाद मारीत नसे. १९७१ साली ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ह्या गाण्यासाठी हँपशायरमधील हेडली ग्रेंज ह्या जुन्या वास्तूत, अठराव्या शतकाच्या अखेरीस दरिद्री लोकांच्या आश्रयासाठी बांधलेल्या घरात, त्याचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी ओसरीत मांडला गेला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने ढोलाच्या तोंडाशी ध्वनिग्राहक न लावता जिन्याच्या वरच्या मजल्यांवरून दोन खाली सोडले. तो सारा जिनाच एक प्रचंड घुमट झाला. बोनम त्यात काय वाजवतो? जवळजवळ काहीच नाही. तोच एक दणकट ठेका, सात मिनिटे. पण दोन आघातांमधील जागेत घर बोलते, आणि बोनम त्या घराला बोलू देतो. विटा वाहिलेल्या माणसाला भिंतींची भाषा कळत असेल, असा एक भाबडा विचार आमच्या मनात आला. तो येथे लिहून ठेवतो.

१९७५ साली प्रसिद्ध झालेले ‘काश्मीर’ हे गाणे तालाच्या अभ्यासकांनी मुद्दाम ऐकावे. गिटारची चढत जाणारी आकृती तीन-तीन मात्रांची आहे. बोनमचा ठेका चार-चारांचा. दोघे एकत्र निघतात, वेगळे होतात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा समेवर भेटतात. आपल्याकडच्या लयकारीपुढे हे गणित बाळबोध आहे, हे मान्य. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की बोनम हे गणित दाखवीत नाही. दुसरा कोणी असता तर प्रत्येक भेटीपाशी झांज वाजवून ‘पाहा, जुळले’ असे सांगितले असते. तो बैलगाडीच्या चालीने सरळ चालत राहतो. भेट होते ती ऐकणाऱ्याच्या मनात. (त्याच मेळाच्या ‘फोर स्टिक्स’ मध्ये त्याने प्रत्येक हातात दोन दोन काठ्या धरून वाजवले, म्हणून गाण्याचे ते नाव पडले. १९७२ साली त्याचे दोन सहकारी, पेज आणि प्लँट, मुंबईस आले असता त्यांनी हे गाणे आपल्या वादकांच्या साथीने मुद्रित करून पाहिले. बोनम मात्र त्या वेळी बरोबर नव्हता. तो असता तर तबलजींशी त्याचे कसे जमले असते, ही कल्पना मनोरंजक आहे.)

‘द हू’ ह्या मेळाचा कीथ मून ह्याच्याविषयी आमचे मन द्विधा आहे. तो ठेका धरीतच नाही. गायकाच्या प्रत्येक शब्दावर कोसळतो; हाय-हॅटला बहुधा शिवत नाही; जेथे मोकळी जागा दिसेल ती भरून काढतो. आमच्या वृद्ध पखवाज्यांनी त्याला देवळाबाहेर काढले असते. आणि तरीही त्याचे वादन आत्मप्रौढीचे वाटत नाही, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. कदाचित त्या मेळात लय सांभाळण्याचे काम पीट टाउनशेंडची गिटार करीत होती, म्हणून ड्रमला बोलके होण्याची मुभा मिळाली. हा टाउनशेंड पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचा अनुयायी. १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ ह्या गाण्याच्या नावातील ‘बाबा’ ते हेच, ज्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे. त्याच तबकडीवरील ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ मध्ये आधी मुद्रित केलेला यंत्रवाद्याचा ठोका कानाला लावून मूनला वाजवावे लागले. हा वादळी माणूस यंत्राच्या दाव्याला बांधला गेला आणि आयुष्यातील एक उत्तम काम करून गेला. स्वतंत्र वादनाची त्यालाही नावड होती. रिंगोशी त्याचे हे एक नाते.

मून १९७८ साली गेला, बोनम १९८० साली. दोघांचेही वय बत्तीस. बोनमला मद्याने मारले. मूनला मद्य सुटावे म्हणून दिलेल्या गोळ्यांच्या अतिसेवनाने. असल्या माणसांची थोरवी देवळाच्या परिसरातल्या वाचकांपुढे काय म्हणून गावी, असे कोणी विचारील. आम्ही त्यांच्या व्यसनाची थोरवी गात नाही, आणि मद्य हेच त्यांच्या कलेचे रहस्य होते असे सुचवणाऱ्या लेखकांचा आम्हांस तिटकारा आहे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ वाजवणारा हात शुद्धीवर होता. तसा ठेका बेशुद्ध माणूस धरू शकत नाही. बोनम गेल्यावर त्याच्या तिघा सहकाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरा आणला नाही, मेळच मोडला. ठेका हा बदलता येण्याजोगा भाग नव्हता, हे त्यांच्याइतके कोणास कळणार?

जिंजर बेकर ह्याला (१९३९–२०१९) आम्ही ह्या तिघांच्या पंक्तीस बसवीत नाही, पण एका गाण्यासाठी त्याला दंडवत. ‘क्रीम’ ह्या मेळाच्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ (१९६७) मध्ये त्याने रॉकचा तो उलटा आघात पुन्हा उलटा केला आणि वजन पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर ठेवले. वर जी टाळी आम्ही वाचकांस दोनवर द्यावयास सांगितली, ती येथे बिनदिक्कत एकावर द्यावी. आफ्रिकी ढोलांचे त्याला वेड होते. १९७१ साली तो सहारा वाळवंटातून मोटारीने नायजेरियास गेला. त्याची लांबलचक स्वतंत्र वादने मात्र आम्ही अर्ध्यावर सोडली.

राहिला ‘रश’ ह्या कॅनडातील मेळाचा नील पिअर्ट (१९५२–२०२०), आमच्या पुतण्याचा दैवत. त्याचा ड्रमसेट म्हणजे भांड्यांचे दुकान. पण त्यातील एकही भांडे शोभेचे नव्हते. प्रत्येक तुकडा आधी रचलेला, प्रत्येक प्रयोगात तंतोतंत तसाच. मेळाची गीतेही तोच लिही. कीर्तीच्या शिखरावर असताना, चाळिशी उलटल्यावर, तो फ्रेडी ग्रूबर ह्या वृद्ध गुरूकडे गेला आणि काठी धरण्यापासून पुन्हा शिकला. ही विनयाची गोष्ट ऐकून आम्ही खरोखर नमलो. तथापि ‘टॉम सॉयर’ (१९८१) ऐकून झाल्यावर आमच्या मनात ड्रम राहिले, गाणे राहिले नाही, असे आम्ही पुतण्यास सांगितले. तो म्हणाला, “काका, तिथे ड्रम हेच गाणं आहे. तुम्ही साथ ऐकायला बसता, हे साथीचं वादनच नाही.” ह्यात तथ्य आहे. पखवाजाच्या स्वतंत्र वादनाला बसलेल्या श्रोत्याने ‘गायक कोठे आहे’ असे विचारू नये. पण मग अशा वादनाची तुलना रिंगोशी न करता त्या परंपरेतील पखवाज्यांशी करावी लागेल, आणि तेथे पिअर्टला जड जाईल, असे आम्ही म्हटले. त्यावर तो रुसला.

ह्या वादास आज एक निराळे वजन आले आहे. अलीकडे रॉकची पुष्कळशी ध्वनिमुद्रणे घड्याळी ठोका कानाला लावून होतात, आणि वादन संपल्यावर संगणक प्रत्येक आघात मात्रेच्या नेमक्या खाचेत सरकवून ठेवू शकतो. वॉट्सचा तो केसभर उशीर, रिंगोची ती सरकलेली पायरी, ह्या गोष्टी त्या यंत्राच्या लेखी चुका ठरतात. गंमत अशी की बोनमने जिन्याखाली वाजवलेला ठेका १९८६ साली ‘बीस्टी बॉइज’ ह्या अमेरिकन गायकांनी उचलून आपल्या गाण्याखाली जसाच्या तसा घातला, आणि त्यानंतर किती जणांनी घातला त्यास गणती नाही. स्वच्छ यंत्रे हाताशी असता लोक एका मृत माणसाचा जिना उसना घेतात. आमच्याकडे घुमटाला २०१९ साली गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला ही आनंदाची गोष्ट. पण स्पर्धांच्या मंचावर पोरे घुमटाचा वेग वाढवीत चालली आहेत आणि आरतीचे शब्द त्याखाली ऐकू येईनासे झाले आहेत, हे आम्हीच नव्हे तर पुतण्याही कबूल करतो.

ड्रमसेट आणि तबला ह्यांना एकाच देहात नांदवणारा मुंबईचा त्रिलोक गुर्टू, बेळगावात जन्मलेल्या गायिका शोभा गुर्टू ह्यांचा हा पुत्र, ह्याच्याविषयी येथे लिहिण्याचा मोह होतो. तो जमिनीलगत बसून ड्रम वाजवतो, हेच एका लेखाचे बीज आहे. पण तो रॉकच्या नव्हे, जॅझच्या अंगणातला. त्याचे ऐकणे आमचे अजून अपुरे आहे. यथावकाश लिहू.

पुतण्या मडगावला परतताना आपले कानाला लावायचे यंत्र आमच्यासाठी ठेवून गेला आणि ‘रेन’ ची प्रत मागून घेऊन गेला. पिअर्ट त्याच्या यादीत अजून पहिला आहे. रिंगो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, चार जागा वर सरकला आहे.